पेठचे दळवी आणि लॉर्ड एल्फिन्स्टन : दोन घराण्यांच्या किताबांचा ताळा

१. प्रस्ताव

नासिकहून निघून त्र्यंबकेश्वर मागें टाकलें व पश्चिमेकडील उताराची वाट धरली म्हणजे डोंगरांच्या कुशींत हरसूल हें बाजाराचें गांव लागतें. आज तें त्र्यंबकेश्वर तालुक्यांत मोडतें. परंतु जुन्या कागदांत हरसूल शोधावयाचें असेल, तर तें पेठ संस्थानाच्या मुलखांत शोधलें पाहिजे. इंग्रजी दप्तरांत पेठचें नांव ‘पेइंट’ अशा चमत्कारिक वर्णांनीं लिहिलेलें असतें. हा भेद ध्यानांत न ठेवल्यास संशोधकाच्या हातून कामाचा कागद सहज निसटतो. या मुलखांत महादेव कोळी, कोकणा, वारली व ठाकूर यांची वस्ती पूर्वापार असून राज्य मात्र दळवी घराण्याचें होतें.

या घराण्याच्या किताबांचा विचार करणें हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्याच्या जोडीस आम्ही एक परदेशीय घराणें घेतलें आहे. तें स्कॉटलंडांतील एल्फिन्स्टन लॉर्डांचें. या जोडीमुळें वाचकांस प्रथम आश्चर्य वाटेल. परंतु १८५७ सालीं हरसूलचा बाजार लुटला गेला व दळवी घराण्याच्या गादीवर हक्क सांगणारा पुरुष फांशीं गेला, त्या समयीं मुंबई इलाख्याचा गव्हर्नर याच स्कॉटिश घराण्याचा तेरावा लॉर्ड होता. एकाच वर्षाच्या घडामोडींनीं एका घराण्यास नवा किताब मिळाला व दुसऱ्याच्या जुन्या किताबाचा शेवट जवळ आला. किताब म्हणजे काय, तो कोण देतो व कोणाच्या मान्यतेवर जगतो, या प्रश्नांचें उत्तर या ताळ्यांतून जितकें स्पष्ट मिळतें तितकें नुसत्या वंशावळी जुळवून मिळत नाहीं.

२. दळवी, दळपतराव, राजा

पेठचें घराणें स्वतःस मूळचें पवार म्हणवी. दळवी हें त्यांचें पडनांव. हा शब्द ‘दळ’ म्हणजे सैन्य यावरून आलेला असून दळाचा पुढारी असा त्याचा अर्थ आहे. घराण्यांतील पुरुषांच्या नांवांत ‘दळपतराव’ हें नांव पुनःपुन्हा येतें. त्याचाही अर्थ तोच. म्हणजे पडनांव व विशेषनांव या दोहोंतही एकाच अधिकाराची खूण राहिली आहे. असें नांव पिढ्यानुपिढ्या चालूं लागलें म्हणजे तें व्यक्तीचें नांव न राहतां पदाचें नांव होऊन बसतें.

ही चाल एकट्या पेठची नव्हती. उत्तरेस लागून असलेल्या बागलाणच्या बागुल राजांचा प्रत्येक गादीधारक ‘बहिर्जी’ म्हणविला जाई. नैर्ऋत्येस जव्हारचे मुकणे राजे ‘शहा’ हें पद आपल्या नांवास जोडीत. जव्हारची परंपरा अशी कीं, हें पद दिल्लीच्या सुलतानानें नेमशहास ५ जून १३४३ रोजीं दिलें. त्या प्रसंगापासून संस्थानांत एक शकही चालत असे. पुढें १६६४ सालीं शिवाजीमहाराज सुरतेवर जातांना जव्हारचा विक्रमशहा त्यांस शिरपामाळ येथें भेटला, तो हेंच पद धारण करून. पेठच्या उत्तरेस असलेल्या सुरगाण्याच्या अधिपतीस ‘देशमुख’ हें वतनाचें नांव पुरेसें वाटे.

म्हणजे सह्याद्रीच्या या एका पट्ट्यांत चार घराण्यांच्या चार तऱ्हा दिसतात. बहिर्जी हें कुळानें चालविलेलें नांव, शहा हें सुलतानाकडून आलेलें, देशमुख हें वतनावरून पडलेलें, आणि दळपतराव हें शस्त्रावरून घेतलेलें. या चारींवर प्रजेनें आपल्याकडून एकच शब्द घातला, तो ‘राजा’. त्याला सनद लागत नसे. डोंगरांतील पाड्यावरचा कोळी ज्याच्यापुढें आपला तंटा नेई व ज्याच्या हांकेसरशीं तीरकमठा घेऊन निघे, तो त्याचा राजा. हा शब्द कागदावर क्वचितच येतो. परंतु पुढील हकीकतींत तोच निर्णायक ठरला, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

३. दिल्लीची कथा

दळवी घराण्याच्या इतिहासांतील सर्वांत नांवाजलेली कथा औरंगजेबाच्या काळांतील आहे. ती १८८३ सालीं छापलेल्या नासिकच्या गॅझेटियरांत नमूद झाल्यामुळें सर्वतोमुखीं झाली. लक्षधीर दळपतराव नांवाच्या राजावर बादशहाची इतराजी झाली. त्यास धरून दिल्लीस नेण्यांत आलें व देहदंडाची शिक्षा फर्माविण्यांत आली. शिक्षेची वाट पाहत असतां त्याच्या कानीं आलें कीं, बादशहाच्या कन्येस दम्याचा विकार असून हकीम थकले आहेत. लक्षधीरानें तिला बरें केलें. बादशहानें त्यास जीवदान देऊन मुसलमानी धर्म स्वीकारण्यास सांगितलें. त्यानें तो स्वीकारला, अब्दुल मोमिन हें नांव घेतलें व पेठचा मुलूख परत मिळविला.

या कथेंत इतिहास किती व आख्यान किती हें पाहणें जरूर आहे. प्रथम स्थळाचा विचार करूं. औरंगजेबानें १६७९ सालीं दिल्ली सोडली ती कायमची. १६८२ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १७०७ पर्यंत, तो दक्षिणेंतच होता. तेव्हां कथेंतील ‘दिल्ली’ शब्दशः घ्यावयाची तर प्रसंग १६५८ ते १६७९ यांच्या दरम्यान बसविला पाहिजे. ‘दिल्ली’ म्हणजे केवळ बादशाही दरबार असा सैल अर्थ केला, तर छावणीही चालेल व काल पुढें जाईल. आम्हांस दुसरा अर्थ त्याज्य वाटत नाहीं. कारण डोंगरी मुलखाच्या बोलीत बादशहा जेथें तेथेंच दिल्ली.

दुसरा मुद्दा औषधाचा. राजकन्या आजारी पडते, सर्व वैद्य हात टेकतात, परका इसम तिला बरें करतो व बक्षिसादाखल मुलूख किंवा सवलत मिळवितो, ही कथा आपल्या देशांत पुष्कळांनीं आपल्या सनदेमागें उभी केलेली आहे. इंग्रज कंपनीनेंही ती सोडली नाहीं. १६४४ सालीं शहाजहानची कन्या जहानआरा भाजली, तिला गॅब्रिएल बाउटन या डॉक्टरानें बरें केलें व त्याबद्दल बंगाल्यांतील व्यापाराची मुभा मिळाली, असें कंपनीचे लोक सांगत. वस्तुतः बाउटन आग्ऱ्यास निघाला तोच १६४५ सालीं. याच्या उलट दुसरें उदाहरण खरें आहे. विल्यम हॅमिल्टन या स्कॉटिश शस्त्रवैद्यानें १७१५ सालीं बादशहा फर्रुखसियर यास बरें केलें, आणि कंपनीस १७१७ चें प्रसिद्ध फर्मान मिळालें. सारांश, अशी कथा आढळतांच ती खोटी मानूं नये व खरीही मानूं नये. ती सनदेची साथीदार आहे एवढें ओळखावें. सनद जेथें धर्मांतरानें मिळते, तेथें तर तिला अशा कथेची गरज अधिकच भासते. राजानें प्राणभयानें धर्म सोडला असें सांगण्यापेक्षां त्यानें राजकन्येचे प्राण वांचविले असें सांगणें प्रजेला व वंशजांना अधिक मानवतें.

तिसरा मुद्दा धर्मांतराचा. तो मात्र असंभाव्य मुळींच नाहीं. शेजारच्या बागलाणांत हेंच घडलें होतें. १६३८ सालीं औरंगजेब दक्षिणेचा सुभेदार असतां त्याच्या फौजेनें मुल्हेर घेतला व बहिर्जी शरण आला. त्यास मनसब व सुलतानपूर परगणा मिळाला. त्याचा पुत्र बैरामशहा पुढें मुसलमान होऊन दौलतमंदखान झाला. ज्या कुळाची कीर्ति रुद्र कवीनें शके १५१८ त ‘राष्ट्रौढवंश महाकाव्य’ रचून संस्कृतांत गायिली, त्या कुळाचें नांव पन्नास वर्षांच्या आंत असें पालटलें. नेताजी पालकराचें १६६७ सालचें धर्मांतर व १६७६ सालचें पुनरागमन हें तर सर्वश्रुतच आहे. तेव्हां दळवींपैकीं एक पुरुष अब्दुल मोमिन झाला यांत कालविसंगत असें कांहीं नाहीं.

खरें वैशिष्ट्य आहे तें पुढेंच. बागलाणचा दौलतमंदखान आपला मुलूख सोडून दूर गेला. पेठचा अब्दुल मोमिन आपल्याच डोंगरांत परत आला. परिणाम असा झाला कीं, एकाच घराण्यांत दोन नांवांच्या परंपरा नांदूं लागल्या. एका बाजूस मुसलमानी नांवें, दुसऱ्या बाजूस दळपतराव, नीळकंठराव, भगवंतराव अशीं जुनीं नांवें. बादशाही सनद एका नांवाकडे, डोंगरांतील मान दुसऱ्याकडे. जोंपर्यंत वरची सत्ता दूर होती तोंपर्यंत हें दुपेडी सूत तुटलें नाहीं.

४. स्कॉटलंडांतील घराणें

आतां दुसऱ्या घराण्याकडे वळूं. एल्फिन्स्टन हें पडनांव स्कॉटलंडांतील एका ठिकाणावरून आलें. गांवावरून ‘कर’ लावून पडनांवें करण्याची आपली जी रीत, तिचाच हा भाऊ. १५१० सालीं स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स यानें अलेक्झांडर एल्फिन्स्टन यास लॉर्ड हा किताब दिला. तीनच वर्षांनीं, १५१३ त, फ्लॉडनच्या रणांत राजा व हा पहिला लॉर्ड दोघेही पडले. दुसरा लॉर्ड १५४७ सालीं पिंकीच्या लढाईंत पडला. तेथेंही किताबाचें मूळ दळवींप्रमाणें दळांतच होतें.

या घराण्याची एक धाकटी पाती निराळी होऊन तिला लॉर्ड बाल्मेरिनो हा स्वतंत्र किताब मिळाला. पुढें स्कॉटलंड व इंग्लंड एक झालीं, स्टुअर्ट वंश पदच्युत झाला आणि त्या वंशाच्या राजपुत्रासाठीं १७४५ सालीं डोंगरी स्कॉटलंडांत बंड उभें राहिलें. सहावा लॉर्ड बाल्मेरिनो, आर्थर एल्फिन्स्टन, त्या बंडांत सामील झाला. १८ ऑगस्ट १७४६ रोजीं लंडनच्या टॉवरजवळ त्याचा शिरच्छेद झाला व किताब सरकारजमा झाला. थोरली पाती मात्र राजनिष्ठ राहिली व तिचा किताब वांचला. एकाच कुळाच्या एका शाखेनें पदच्युत राजवंशाची बाजू धरून मस्तक द्यावें व दुसरीनें नव्या सत्तेखालीं वैभवास चढावें, हें महाराष्ट्रांतील वाचकांस नवें वाटणार नाहीं.

याच थोरल्या पातीच्या अकराव्या लॉर्डाचा धाकटा मुलगा माउंट्स्टुअर्ट एल्फिन्स्टन. धाकट्या मुलास किताब नाहीं, म्हणून नोकरी पाहणें भाग. तो १७९६ सालीं हिंदुस्थानांत आला, १८११ त पुण्यास रेसिडेंट झाला, १८१८ त पेशवाई बुडाल्यावर महाराष्ट्राची घडी बसविणारा अधिकारी झाला व १८१९ पासून १८२७ पर्यंत मुंबईचा गव्हर्नर होता. देशमुख, जहागीरदार, इनामदार यांच्या सनदा तपासून कोणाचें काय चालूं ठेवावें हें ठरविण्याचें काम ज्यांच्या हातीं आलें, त्यांत हा प्रमुख. ज्याच्या स्वतःच्या कुळांत एक किताब तीनशें वर्षें चालला होता व एक किताब वधस्तंभावर संपला होता, तो मनुष्य आमच्या मुलखाच्या किताबांचा निवाडा करीत होता, ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते.

त्याच्या थोरल्या भावाचा मुलगा जॉन, तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन. वयाच्या सहाव्या वर्षीं, १८१३ त, त्यास किताब मिळाला. मद्रासची गव्हर्नरी करून तो १८५३ सालीं मुंबईचा गव्हर्नर होऊन आला. १८५७ च्या वादळांत इलाख्याचें सुकाणूं त्याच्या हातीं होतें.

५. हरसूलचा बाजार

इंग्रजी अमदानींत पेठचें संस्थान नूरजहाँ बेगम हिच्या नांवें होतें. म्हणजे अब्दुल मोमिनाच्या बाजूची परंपरा सरकारमान्य ठरली होती. कारभार मात्र सरकारी अधिकाऱ्यांच्या हातीं, व बेगमेस नेमणूक. ‘बेगम’ हा किताब होता. पण राजाचें जें काम, न्याय देणें व दळ उभें करणें, तें त्यांत उरलें नव्हतें. त्याच वेळीं जुन्या नांवाच्या बाजूचा भगवंतराव नीळकंठराव हा गादीवर हक्क सांगत होता. सरकारच्या लेखीं तो नुसता दावेदार. परंतु लोक त्यास ‘भाऊराजा’ म्हणत. नानासाहेब पेशव्यांशीं त्याचें संधान आहे अशी वदंता मुलखांत पसरली होती.

१८५७ च्या ४ ऑक्टोबरास नांदूर शिंगोट्याजवळ भागोजी नाइकाच्या भिल्लांशीं झालेल्या चकमकींत लेफ्टनंट हेन्री मारला गेला, आणि नासिकच्या डोंगरांत इंग्रजांचा धाक ओसरला. डिसेंबरच्या आरंभीं त्र्यंबकच्या खजिन्यावर हल्ला झाला. त्याच सुमारास पेठच्या मुलखांतील कोळी उठले व त्यांनीं हरसूलचा बाजार लुटला. आठवड्याचा बाजार हें डोंगरी लोकांचें मीठमिरची, कापड व कर्ज यांचें एकमेव ठिकाण. जेथें मोहाचीं फुलें व नागली घेऊन येणाऱ्याच्या खात्यावर सावकाराचें व्याज चढे, तेथेंच पहिला घाव पडला, याचा अर्थ लावण्यास मोठ्या तर्काची गरज नाहीं. लेफ्टनंट ग्लासपूल थोड्या भिल्ल शिपायांनिशीं पेठेकडे धांवला, कॅप्टन नटॉलही आला, व बंड मोडलें. भगवंतराव धरला गेला व त्यास कांहीं अनुयायांसह फांशी देण्यांत आलें.

येथें आमचा मुख्य सिद्धांत मांडतों. दळवी घराण्याचे सर्व किताब समोर ठेवले तर प्रत्येकाचा दाता निराळा दिसतो. दळपतराव हा किताब शस्त्रानें दिला, अब्दुल मोमिन हा बादशहानें दिला, बेगमेचें पद इंग्रजांनीं राखलें, आणि भाऊराजा हें नांव हरसूलच्या व पेठेच्या लोकांनीं दिलें. पहिले तीन किताब कोणत्या ना कोणत्या दप्तरांत सांपडतात. चौथ्यास दप्तर नाहीं. पण सरकारास भीति वाटली ती चौथ्याचीच. ज्या किताबाचा सरकार उपहासानें उल्लेख करी, त्याच किताबाच्या धारकास फांशी देणें त्यास अवश्य वाटलें. याहून त्या किताबाच्या खरेपणाचा मोठा दाखला कोणता पाहिजे?

६. दोन शेवट

बंडाळीच्या काळांत इलाखा सांभाळल्याबद्दल लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन यास मे १८५९ त संयुक्त राज्याच्या सरदारवर्गांतील बॅरन हा नवा किताब मिळाला. परंतु जुलै १८६० त तो अविवाहित मरण पावला व सव्वा वर्षांतच तो नवा किताब लयास गेला. जुना, १५१० सालचा, स्कॉटिश किताब मात्र चुलत नात्यांत गेला. कारण कायद्यानें वारसाची वाट पूर्वींच आंखून ठेवली होती. १८८५ सालीं बॅरन किताबही त्या कुळास पुन्हा देण्यांत आला. लॉर्ड एल्फिन्स्टन हा किताब आजही चालू आहे.

पेठेस दुसरें घडलें. १८५८ च्या जाहीरनाम्यानें राणीनें संस्थानिकांचे हक्क व मानमरातब पाळण्याचें वचन दिलें होतें. १८६२ सालीं अनेक संस्थानिकांना वारसाबद्दल सनदाही दिल्या गेल्या. साताऱ्याचें १८४८ सालीं व नागपूरचें १८५४ सालीं जें झालें तें पुन्हा होणार नाहीं, असा समज सर्वत्र पसरला. तरीही १८७८ सालीं नूरजहाँ बेगम वारली तेव्हां तिच्यामागें कोणीही वारस मान्य झाला नाहीं. पेठ संस्थान खालसा होऊन नासिक जिल्ह्यांत तालुका म्हणून सामील झालें. जव्हार व सुरगाणें हीं शेजारचीं संस्थानें स्वातंत्र्यानंतर विलीन होईपर्यंत टिकलीं. पेठ त्यांच्यापूर्वीं सत्तर वर्षें नकाशावरून गेलें. एक बाजू फांसावर संपली होती, दुसरी निर्वंश ठरविण्यांत आली. बादशाही सनदेनें जें दुपेडी सूत वळलें होतें, त्याचे दोन्ही पदर एका पिढीच्या आंत कापले गेले.

स्कॉटलंडांत १७४६ सालीं बाल्मेरिनोचा शिरच्छेद झाला म्हणून थोरल्या एल्फिन्स्टनांचा किताब कोणीं हिरावला नाहीं. शाखेचा अपराध शाखेपुरता, हा न्याय तेथें चालला. पेठेस मात्र एका बाजूनें बंड केलें व दुसरी बाजू वीस वर्षें निमूट राहिली, तरी शेवटीं दोघींचा निकाल एकच. एकाच मुकुटाखालीं दोन मुलखांत किताबांचा असा दुहेरी न्याय झाला.

मुंबईंतील एल्फिन्स्टन रोड या स्थानकाचें नांव २०१८ सालीं प्रभादेवी झालें. एल्फिन्स्टन सर्कल त्याच्या पुष्कळ आधींच हॉर्निमनच्या नांवें झालें होतें. नांवें देणारे बदलले म्हणजे नांवेंही बदलतात. हरसूलचा बाजार त्याच नांवानें अद्याप भरतो.

संग्राहक मित्रांस आमची एवढीच सूचना आहे. या मुलखांतील जुना कागद हातीं आला, तर मजकुराआधीं मायना व शिक्का पाहावा. लिहिणाऱ्यानें धन्यास काय म्हटलें आहे, दळपतराव म्हटलें आहे कीं मोमिन, राजे म्हटलें आहे कीं बेगमसाहेब, यावरून तो कागद घराण्याच्या कोणत्या बाजूस बसून लिहिला हें कळेल. किताब हा कागदाचा अलंकार समजून पुष्कळदां नक्कल करतांना गाळला जातो. पेठेच्या बाबतींत तो गाळणें म्हणजे साक्षीदारास बोलूं न देतां निकाल देणें होय.